ऐक ना

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बोलायला लागलं की आपण दोघी रडतो आणि बाबा मागून "काय झालं, काय झालं" करत राहतात. म्हणून लिहितेय.

त्या रात्री दोन वाजता फोन केला तेव्हा पोरीला १०२ ताप होता. औषध देऊन झालं होतं, डॉक्टरांशीही बोलले होते. खरं म्हणजे तापाचं विचारायला मी फोन केलाच नव्हता. सात वर्षांची मुलगी घरी येऊन पाच महिने झाले, तिचं सगळं मी करते, पण कपाळावर पट्ट्या ठेवताना मला नुसती भीती वाटत होती. ऊर भरून येणं म्हणतात ते काही येत नव्हतं. हे कुणापाशी तरी बोलायचं होतं.

तू थोडा वेळ गप्प राहिलीस. मग म्हणालीस, "मलाही लगेच नव्हतं आलं गं. बरेच महिने गेले."

त्यानंतर दोनदा विचारलंस, मी दुखावले का म्हणून. नाही गं आई. 'पाहताक्षणी वाटलं, ही माझीच' ही गोष्ट मीच तुला रोज रात्री सांगायला लावायचे. त्या गोष्टीवर मी सुखानं झोपले, आणि त्याच गोष्टीपायी हे पाच महिने स्वतःला खोटी आई समजत राहिले. लोक तुला यशोदा म्हणायचे ना? मला ते कधीच पटलं नाही. बाळ बदललंय हे यशोदेला ठाऊकच नव्हतं. तुला सगळं ठाऊक होतं, आणि वर काही वाटतही नव्हतं, तरी तू रात्री उठत राहिलीस.

जागरणात एक वाचलं, बाबांना आवडेल. इस्रायलमधल्या संशोधकांनी ८९ नव्या पालकांचे मेंदू तपासले होते; २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांत आईविना बाळ वाढवणारे बापही होते. बाळाच्या बाबतीत आयांच्या मेंदूतला जो भाग सतत सावध असतो, तो या बापांमध्येही तसाच जागा झालेला दिसला. शिवाय बापांनी बाळाचं करण्यात जितका जास्त वेळ घातलेला, तितके मेंदूतले काही धागे जास्त घट्ट. बाबा, तुमची ती वही आठवली. दूध किती वाजता, किती मिली, ताप किती, झोप किती. आईपण तुम्हीही तेव्हाच कमावत होतात, आम्ही मात्र त्याला तुमचा हिशेबीपणा म्हणून हसलो.

गेल्या आठवड्यात तिला तपासायला नेलं. फॉर्मवर 'कुटुंबातील आजार' असा रकाना होता. तुम्ही शिकवलं होतंत तसं मी सरळ 'माहीत नाही' लिहिलं. ती शेजारून वाचत होती. मला ती अजून कुठल्याच नावानं हाक मारत नाही, नुसतं 'ऐक ना' म्हणते.

"ऐक ना, तुझ्या फॉर्मवर काय लिहितात?"

"हेच. माहीत नाही."

"तुझं पण?"

"माझं पण."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमचं आडनाव नाही, हा रकानाच एक आहे. मग हसली. पुढचे पडलेले दोन दात दिसेपर्यंत हसली. ऊर तेव्हा भरून आला की नाही ते मी तपासलंच नाही, कारण नंबर पुकारला होता.

घरी येताना तिला वहीबद्दल सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "माझी कुठे आहे?" सात वर्षांची वही मी कुठून आणू? नवी आणलीय. पहिल्या पानावर रात्री दोन, ताप १०२ एवढंच आहे. खाली तिनं स्वतः लिहिलंय, 'आता नाही.'

बाबा, तुमची वही पाठवा. फोटो नको, वहीच पाठवा. दुधाचे डाग खरंच आहेत का, हे तिला बोट लावून बघायचंय.

तुमची,
लेक