घड्याळ लावून श्वास मोजणाऱ्या आशाताईंना

प्रिय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्या तालुक्याचं नाव झळकतं. बातमी द्राक्षांची असते. मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो असतात. त्याच गारठ्यात घरातल्या तान्ह्यांचं आणि दोन-चार वर्षांच्या पोरांचं कसं करायचं, ते काही पेपरात येत नाही. आम्हाला ते तुमच्याकडून, गावच्या आशा कार्यकर्तीकडून, कळलं. म्हणून वस्तीवरच्या आया, दोन-तीन आज्या आणि ओढून आणलेले काही बाप मिळून हे पत्र लिहितोय.

तुमच्या भेटींचे दिवस आता आम्हाला पाठ आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एक. पहिल्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये, नंतरच्या प्रत्येकीचे ५०. द्राक्षांच्या विरळणीला गेलेल्या बाईला एका दिवसात याहून जास्त सुटतात. असो.

घरात आल्यावर तुम्ही आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुता आणि टॉवेलला न पुसता हवेत वाळवता. थंडीत त्याला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. मग हात चोळून ऊबदार केल्याशिवाय बाळाला लावत नाही. त्यामागचं कारण फार उशिरा लक्षात आलं. भांडी घासून आलेल्या गार हाताला बाळाचं कपाळ कायम गरमच लागतं, आणि चुलीपुढून उठलेल्या हाताला तेच बाळ गार. या हातांवरून घरात ताप ठरायचा, त्यावरून औषधही ठरायचं.

तुम्ही थर्मामीटर काखेत ठेवता, बाळाचा दंड अंगाशी धरता आणि बीप वाजेपर्यंत कुणाशी बोलत नाही. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या मधे आकडा आला की ठीक. थर्मामीटर हाताशी नसेल तेव्हासाठी आडाखा दिलात: हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही कोमट असतील तर काही करायचं नाही. पोट कोमट आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. एक थर वाढवायचा, उराशी घेऊन पाजायचं. दोन्ही गार लागले तर १०२ किंवा १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरायचं.

उलटी चूकही दाखवलीत. स्वेटर, त्यावर दुपटं, त्यावर शाल, वर गोधडी, असं गाठोडं केलेल्या बाळाचा आकडा आपोआप चढतो आणि घरात पळापळ होते. आधी थर उतरवायचे, मान घामेजलीय का बघायची, पाजायचं, अर्ध्या तासाने परत मोजायचं. तेव्हाही ९९.५ च्या वर राहिला आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं असलं, तर घरात तापाचे थेंब पाजत बसायचं नाही, सरळ दवाखाना. एवढ्याशा जिवात जंतुसंसर्गाची दुसरी कुठलीच खूण कधी कधी दिसत नाही. एरवी आपल्या अंगावर जेवढे थर, त्यापेक्षा बाळाला एक जास्त, आणि झोपताना गोधडी तोंडावर येणार नाही एवढं बघायचं. बास.

वजनाच्या काट्याचीही हीच तऱ्हा. रिकामी झोळी अडकवून आधी काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं, आणि काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. थंडीत बाळाला उघडं करायला आज्या तयार होत नाहीत. पण स्वेटर, टोपी, मोजे आणि दुपटं मिळून दोन-अडीचशे ग्रॅम सहज भरतात, आणि बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमच वाढतं. म्हणजे आठवड्याभराची वाढ कपड्यांतच हरवणार. तुम्ही दार लावून घेता, झोळी आधी उन्हात तापवून आणायला सांगता आणि मिनिटाच्या आत वजन करून बाळ परत आईकडे देता. पहिल्या आठवड्यात वजन दहाएक टक्क्यांपर्यंत घटू शकतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं, हे तुम्ही आधीच सांगून ठेवता. नाहीतर सातव्या दिवशी कितीतरी घरांत दुधाच्या पावडरीचा डबा आला असता.

अडीच किलोच्या आतल्या बाळासाठी तुमचा उपाय फुकटचा आहे. अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे ठेवून बाळाला आईच्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय दुमडून धरायचं. मान एका बाजूला आणि किंचित वर, नाहीतर हनुवटी छातीला टेकून श्वास अडतो. वरून लुगड्याचा पट्टा आणि शाल बांधायची. एका बैठकीला निदान तासभर. सारखी काढ-घाल केली तर बाळ पुन्हा पुन्हा गार पडतं. आई आंघोळीला गेली की हेच काम बापाने करायचं. छातीवर केस असले तरी चालतं, हे उत्तर तुम्हाला दर हिवाळ्यात द्यावं लागतं.

आंघोळीवरून मात्र आज्यांशी तुमचं खरं वाजतं. तांबडं फुटायच्या आत बाळाची आंघोळ उरकायची ही आपल्याकडची रीत; तुम्ही ती अकराच्या उन्हावर नेलीत. थिजलेलं खोबरेल चुलीवर तापवायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवायची. तेल नाकात, कानात सोडायचं नाही. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथे दुखणं करतं. बादलीत गार पाणी आधी, कढत नंतर, म्हणजे मधेच कुणाचा हात किंवा धावतं पोर पडलं तरी भाजणार नाही. पाणी कोपराने बघायचं. कामाने राठ झालेल्या बोटांना चटका कळत नाही. टॉवेल, झबलं, टोपी पाटाशेजारी मांडून झाल्यावरच बाळाचे कपडे काढायचे. डोकं सगळ्यात शेवटी भिजवायचं आणि सगळ्यात आधी पुसायचं, कारण बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटेच भराभर जाते. मग मान, काखा, जांघा. सगळं पाच मिनिटांत. वजन कमी असेल तर वाढेपर्यंत नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. डाळीचं पीठ चोळून लव काढायची हौस कोरड्या हवेत तरी नकोच. अंगावर ओरखडे उठतात.

आंघोळीनंतरची धुरी तुम्ही बंद केलीत. ओवा असो की शेपा, धूर तो धूर. बाळाला ऊब हवी असते, म्हणून आम्ही आता झबलं आणि दुपटं उन्हात किंवा तव्याच्या उष्णतेवर धरून तेवढंच गरम करतो. कोळशाची शेगडी खाटेखाली ठेवून दारं-खिडक्या लावणं तर त्याहून वाईट. कोंडलेल्या कोळशातून निघणाऱ्या वायूला (कार्बन मोनॉक्साइडला) वास नसतो, धूर दिसत नाही, झोपेतला माणूस जागा होत नाही. आणि बागेत फवारणी किंवा डिपिंग (घड औषधात बुडवायचं काम) करून आलेल्याने कपडे बदलून, हात-तोंड धुतल्याशिवाय पोर उचलायचं नाही, हेही तुमचंच.

आता घड्याळाबद्दल.

पोराला सर्दी झाली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, थंडीचं होतंच. दुसरा रात्रीच पिंपळगावला निघतो. तुम्ही कुणाचीच बाजू घेत नाही. पोर झोपेपर्यंत किंवा शांत होईपर्यंत बसता, कारण रडताना आणि पिताना श्वास आपोआप वाढतो. मग झबलं वर करता, घड्याळ पोटाशेजारी धरता म्हणजे दोन्ही एका नजरेत येतात, आणि पूर्ण एक मिनिट मोजता. पोट वर जाऊन खाली आलं की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. तान्हं बाळ काही श्वास भराभर घेतं आणि मग क्षणभर थांबतं. नेमका तोच तुकडा मोजला तर आकडा भलताच येतो.

मोजताना आमची फजिती व्हायची ती आपल्या आकड्यांपायी. ‘एकोणचाळीस’, ‘एकोणपन्नास’ म्हणेपर्यंत पोट दोनदा उडून जातं. त्यावर तुमची युक्ती अशी: दहापर्यंतच मोजायचं, एक बोट मिटायचं, पुन्हा एकपासून सुरू. एक ते पाच वर्षांच्या पोराची मिनिटाला चार बोटं मिटली, म्हणजे ४० किंवा जास्त, तर श्वास जलद. दोन महिने ते वर्षाच्या आतल्याला पूर्ण मूठ, ५०. दोन महिन्यांच्या आतल्याला मूठ आणि वर एक बोट, ६०. तिथे लगेच दुसऱ्यांदा मोजायचं आणि पुन्हा तेच आलं तरच खरं धरायचं. निरक्षर आजीलाही हे एका दुपारी जमतं.

आकडा कमी असला तरी श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पोर पीत नसेल, मलूल पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजदाद सोडून दवाखाना. नुसती नाकातली घुरघुर वेगळी. त्याला मेडिकलमधले मिठाच्या पाण्याचे थेंब, पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन. चोंदलेल्या नाकाचं बाळ दोन घोट घेऊन सोडतं आणि ‘दूध पुरत नाही’ असा बोभाटा होतो. पुष्कळदा दोष नाकाचा असतो.

खोकल्याची बाटली दोन वर्षांच्या आत बिलकूल नाही आणि पाचाच्या आत डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही, यावर तुम्ही कधीच सैल पडला नाहीत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, तेव्हा घराघरांतल्या अर्ध्या बाटल्या उकिरड्यावर गेल्या. वर्ष पूर्ण झालेल्या पोराला झोपताना अर्धा चमचा मध पुरतो. वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही. त्यातल्या जंतूंचं विष तान्ह्याला लुळं पाडतं.

आम्हाला वाटायचं, हे सगळं दिल्लीहून आलंय. मग कळलं की गावातल्याच बाईने घरी येऊन नवजात बाळ तपासायची पद्धत आपल्या गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ती तिथल्या खेड्यांत उभी केली, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निकाल आले आणि २०११ पासून देशभरच्या आशा त्याच धर्तीच्या भेटी देतात. दर वर्षी १२ नोव्हेंबरला न्यूमोनियाविरोधी ‘सांस’ मोहीम सुरू होते, तेव्हा तुमची पिशवी आणखी जड होते.

लसीचंही सांगायला हवं. साधी सर्दी आहे म्हणून सहाव्या किंवा चौदाव्या आठवड्याची खेप चुकवायची नाही, हे तुम्ही दारात उभं राहून सांगता. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस त्याच खेपांना असते, पुढचा डोस नवव्या महिन्यात. टोचलेली मांडी चोळायची नाही.

हगवण थंडीतही लागते. ओआरएसचं (मीठ-साखरेच्या पावडरीचं) पाकीट पूर्ण, पाणी एक लिटर, आधी उकळून निववलेलं, २४ तासांत संपवायचं. पेल्यात अंदाजाने चिमूट टाकली तर कमी-जास्त होतं, आणि जास्त झालेलं मीठ पोराला आणखी वाळवतं. गार लागतंय म्हणून कालवलेलं पुन्हा उकळायचं नाही. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण.

आणि बोरन्हाण! संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी काळी झबली, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे करवे, शेंगदाणे. सणाच्या आड तुम्ही कधी आला नाहीत. फक्त चार वर्षांच्या आतल्यांसाठी नुसते चुरमुरे आणि फुलं ठेवायला लावलीत, बाकीचं मोठ्या पोरांच्या वाट्याला. शेंगदाणा आणि हरभरा नेमके श्वासनळीत बसतील एवढे असतात. तरीही तान्ह्याच्या घशात काही अडकलं, रडणं-खोकणं बंद झालं, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, आणि पुन्हा थापा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. हे तुम्ही दर जानेवारीत कापडी बाहुलीवर करून दाखवता, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण बाजूला ठेवून बघतात.

तुमच्या काट्याची झोळी शिवणीत उसवलीय, ते सगळ्यांनी बघितलं. जुन्या सुती नऊवारीची नवी शिवून ठेवलीय, दुहेरी पदराची, चारही कानांना गोठ मारलेली. पुढच्या भेटीला आलात की घेऊन जा. जुनीपेक्षा जरा जड झालीय, तेवढा काटा नव्याने शून्यावर आणून घ्या.

तुमच्याच,
वस्तीवरच्या आया, आज्या आणि बाप