गच्चीवर हौशी रेडिओचा रिपीटर बसवण्याबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: गच्चीवर हौशी रेडिओचा रिपीटर बसवण्यास ना हरकत पत्र मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या सभेत माझा अर्ज वाचला गेला तेव्हा वेळ कमी होता आणि प्रश्न पुष्कळ होते. ‘म्हणजे मोबाइलचा टॉवरच ना?’ इथून सुरुवात झाली आणि मग गळती, वीज कोसळणं, तब्येत, टीव्ही, लाइट बिल असे विषय निघत गेले. सगळे प्रश्न रास्त होते. गच्ची सर्वांच्या मालकीची आहे, तेव्हा तिथे काय उभं राहणार हे प्रत्येकाला नीट कळलंच पाहिजे. म्हणून यंत्रसामग्रीची माहिती लेखी देत आहे. पत्र लांबलं आहे, पण समितीने ते पूर्ण वाचावं ही विनंती.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, चालवायला परीक्षा देऊन शासनाचा परवाना घ्यावा लागतो. त्यावर धंदा करता येत नाही, जाहिरात करता येत नाही, कुणाकडून भाडं घेता येत नाही. आमच्या हातातल्या संचाची ताकद फार तर ५ वॉट असते आणि ज्या लहरींवर आम्ही बोलतो त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. रस्त्यावर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या मध्ये चार इमारती आल्या की बोलणं तुटतं. रिपीटर उंचावर बसून एका वारंवारतेवर ऐकतो आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जास्त ताकदीने परत सोडतो. आपली गच्ची आणि वरचा खांब धरून अँटेना साधारण ५५ मीटरवर येईल. तेवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज सुमारे ३० किलोमीटरवर असतं आणि दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचं ५ किलोमीटरवर. दोन्ही मिळून ३५. इमारतींच्या दाटीत प्रत्यक्षात यापेक्षा कमी मिळेल, तरी हातातल्या संचाला एरवी जो दीड-दोन किलोमीटरचा पल्ला मिळतो त्यापुढे हे खूप आहे.

मोबाइल टॉवरशी याचं साम्य एवढंच की दोन्हीला अँटेना लागते. टॉवर रात्रंदिवस काही ना काही प्रक्षेपित करत असतो. रिपीटर दिवसातला बहुतेक वेळ नुसता ऐकत बसतो. कुणी बोलायला लागलं, तेही ठरलेला टोन पाठवून, तरच त्याचा ट्रान्समीटर चालू होतो. हा टोन कानाला जाणवू नये इतका खालचा आणि हलका असतो, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा, आणि तो नसेल तर रिपीटर दाद देत नाही. बोलणारा थांबलाच नाही किंवा कुणाचं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर कंट्रोलर ३ मिनिटांनी ट्रान्समीटर बंद करतो. ठरावीक वेळाने तो आपलं सांकेतिक नाव मोर्समध्ये पाठवतो, त्यामुळे हे प्रक्षेपण कुणाचं आहे हे ऐकणाऱ्या कोणालाही शोधून काढता येतं.

आता मुख्य यंत्राकडे येते. रिपीटर म्हणजे मोठा ट्रान्समीटर, अशी बहुतेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात आमचा सर्वांत जास्त खर्च आणि सर्वांत जास्त मेहनत नको तो सिग्नल अडवण्यावर होते. आम्ही वापरणार आहोत त्या दोन मीटरच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) पट्ट्यात ऐकण्याची आणि बोलण्याची वारंवारता यांत फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच अँटेनावरून करायची असतात. ट्रान्समीटर २५ वॉट सोडणार. चांगल्या रिसीव्हरला ऐकू येणारा सर्वांत क्षीण सिग्नल त्याच्या तुलनेत किती लहान असतो? एकावर सोळा शून्यं, इतक्या पटींनी. कानाशी ढोल वाजत असताना पलीकडच्या गल्लीतली कुजबुज टिपायची, तसं हे काम आहे. ते नीट झालं नाही तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. याला आम्ही डिसेन्स म्हणतो.

त्यावरचा उपाय म्हणजे डुप्लेक्सर, दोन्ही वारंवारता एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारी गाळणी. कॅबिनेटमध्ये धातूचे सहा उभे डबे ओळीने दिसतील, तोच हा. प्रत्येक डबा म्हणजे एक कॅव्हिटी. आत पाव तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरचा, चांदीचा मुलामा दिलेला दांडा असतो आणि तो वरखाली करणारी सळई झाकणातून बाहेर येते. तीन डबे ट्रान्समीटरच्या बाजूला, तीन रिसीव्हरच्या. ट्यूनिंग करताना मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर रेषेत एक खोल खड्डा दिसतो, म्हणजे त्या वारंवारतेचा सिग्नल तिथे अडतो. सळई केसभर फिरवली की तो खड्डा सरकतो. नेमक्या जागी आणून चेकनट आवळायला गेलं की तो पुन्हा जरासा हलतो, म्हणून आवळताना किती हलणार हे धरूनच आधी थोडं अलीकडे थांबावं लागतं. सळई इन्व्हार नावाच्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची असते, कारण तो उन्हाने फारसा प्रसरण पावत नाही. गच्चीवरच्या खोलीत दुपारी काय तापमान असतं ते आपल्या सर्वांना माहीत आहे, तेव्हा या बाबतीत मी तडजोड करणार नाही. बाजारात तळहातापेक्षा थोडे मोठे, चपटे, स्वस्त डुप्लेक्सरही मिळतात. या पट्ट्यातले ते संच दोन वारंवारतांमधलं अंतर कित्येक मेगाहर्ट्झ असेल तिथेच चालतात. ६०० किलोहर्ट्झला ते निरुपयोगी आहेत.

याचा सोसायटीला थेट फायदा आहे. जो डुप्लेक्सर आमच्या रिसीव्हरला वाचवतो, तोच ट्रान्समीटरमधून निघणारा आजूबाजूचा कचराही अँटेनापर्यंत पोहोचू देत नाही. डिशची टीव्ही सेवा १० गिगाहर्ट्झच्या वर चालते, वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर. आम्ही १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्यांच्यापासून फार लांब. तरीही त्रास होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. जुन्या केबल टीव्हीच्या सैल जोडांतून किंवा इंटरकॉमच्या लांब तारांतून सिग्नल शिरू शकतो. आमचं प्रक्षेपण एफएम असल्यामुळे इंटरकॉमवर बोलणं ऐकू येणार नाही, फार तर खट् असा आवाज किंवा गुणगुण येईल. तसं झालं तर त्या घरातल्या तारेवर फेराइटचं (नको त्या लहरी अडवणारं) कडं बसवण्याचं काम आणि खर्च माझा. एवढ्याने भागलं नाही तर उपाय सापडेपर्यंत रिपीटर बंद राहील.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हरसाठी गाडीत बसवण्याचे दोन व्यावसायिक संच वापरण्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. मात्र असे संच अधूनमधून बोलण्यासाठी बनवलेले असतात, आणि रिपीटर गप्पा रंगल्या की अर्धा-अर्धा तास तापत राहतो. म्हणून ५० वॉटचा संच २५ वॉटवरच चालवायचा, त्याला मोठा हीटसिंक आणि पंखा द्यायचा. पंख्याचा आवाज खोलीबाहेर येणार नाही. स्पीकर जोडलेलाच नसेल.

जागेबद्दल. सभेत लिफ्टच्या मशीन रूमचं नाव सुचवलं गेलं, कारण ती कुलूपबंद असते. मी रेडिओ घेऊन गच्चीवर फिरले. मशीन रूमच्या दाराशी उभी असताना खाली कुणी लिफ्टचं बटण दाबलं की रेडिओचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडून गुरगुर सुरू व्हायची आणि लिफ्ट थांबली की शांत. मोटरच्या ड्राइव्हमधून निघणारा हा गोंगाट क्षीण सिग्नल गिळून टाकतो. सोलर पॅनलच्या इन्व्हर्टरजवळही दिवसा थोडी खरखर आहे. पाण्याच्या टाकीमागच्या रिकाम्या खोलीपाशी मात्र दोन्हीचा मागमूस नाही. माझी मागणी त्या खोलीतल्या एका भिंतीपुरती आहे. तिथे माणसाच्या छातीएवढं, कुलूप असलेलं लोखंडी कॅबिनेट उभं राहील.

अँटेनासाठी चारऐवजी दोन डायपोलची (डायपोल म्हणजे लहरी सोडणारा-पकडणारा धातूचा दांडा) रचना निवडली आहे. चारने पल्ला थोडा वाढला असता, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि खांबावर जितका कमी पसारा तितकं वादळात बरं. खांब टाकीच्या काँक्रीटच्या भिंतीला बाहेरून क्लॅम्पने बसेल. गच्चीच्या स्लॅबला एकही भोक पाडलं जाणार नाही, त्यामुळे वॉटरप्रूफिंगला धक्का लागण्याचा प्रश्न येत नाही. क्लॅम्प बसवण्याआधी सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा पाहून लेखी संमती द्यावी, त्यांची फी मी देईन.

अँटेनापासून खोलीपर्यंत अर्धा इंची, तांब्याच्या नालीदार आवरणाची फीडर केबल असेल. १५ मीटरमध्ये तिच्यात अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी, म्हणजे साधारण दहाव्या हिश्शाइतकं नुकसान होतं. साध्या बारीक कोॲक्समध्ये तेवढ्याच अंतरात जवळपास निम्मी ताकद उष्णतेत जाते. प्रत्येक जोडावर रबराची आपोआप चिकटणारी पट्टी आणि वर उन्हापासून वाचवणारी टेप गुंडाळायची, आणि खोलीत शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूला एक वळसा द्यायचा. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं, ते त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जातं आणि भिंतीत शिरत नाही.

वीज कोसळण्याबद्दल सर्वांत जास्त काळजी व्यक्त झाली. या अँटेनाचे दोन्ही डायपोल थेट खांबाला, म्हणजे जमिनीला जोडलेले असतात, आणि फायबरग्लासच्या नळीतल्या अँटेनापेक्षा मी ही पसंत करण्याचं ते मोठं कारण आहे. खांब इमारतीच्या सध्याच्या लाइटनिंग अरेस्टरच्या पट्टीला जाड तांब्याने, शक्य तितक्या सरळ आणि आखूड मार्गाने जोडला जाईल. केबल खोलीत शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर, म्हणजे विजेचा लोंढा जमिनीकडे वळवणारा भाग, बसेल. कॅबिनेटचं अर्थिंग आणि इमारतीचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. ती वेगवेगळी ठेवली तर विजेच्या वेळी दोघांत प्रचंड विद्युतदाब तयार होतो आणि तो यंत्रातूनच वाट काढतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच होईल. त्याच वेळी इमारतीच्या जुन्या अर्थिंगचीही मोजणी करून घेईन आणि आकडा समितीला देईन. तो कळणं रिपीटर असो वा नसो, आपल्या हिताचंच आहे.

तब्येतीचा हिशोब कोणीही पडताळून पाहू शकतो. २५ वॉटपैकी डुप्लेक्सर आणि केबलमधून जाऊन अँटेनाला साधारण १६ वॉट मिळतात. अँटेना ते सपाट दिशेला एकवटते, त्यामुळे त्या दिशेला परिणाम ५० वॉटच्या थोडा वर जातो. अँटेनाच्या अगदी समोर ५ मीटरवर हवेत कुणी असेल तर त्याच्यावर दर चौरस मीटरला सुमारे ०.१७ वॉट पडतील. आयक्निर्प या आंतरराष्ट्रीय आयोगाने सर्वसामान्य लोकांसाठी या वारंवारतेला घातलेली मर्यादा २ वॉट आहे. ती दहापटीने कडक धरली तरी आपण तिच्या आतच राहतो. हा हिशोबही ट्रान्समीटर अखंड चालू आहे असं धरून केला आहे. वरच्या मजल्यावरचं घर अँटेनाच्या समोर येत नाही, खाली येतं, आणि मध्ये स्लॅब आहे. त्या मजल्यावर मी स्वतः राहते, माझे वृद्ध आईवडील राहतात.

विजेसाठी वेगळा सबमीटर लावावा. सरासरी वापर पाहता महिन्याला २० ते २५ युनिट होतील, त्यांचं बिल मी दरमहा भरेन. वीज गेल्यावर रिपीटर १०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर सुमारे दोन दिवस चालेल. लेड ॲसिडची बॅटरी स्वस्त पडली असती, पण तिच्यातून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि बंद खोलीत मला ते नको आहे.

हे दोन दिवस हीच माझ्या दृष्टीने या सगळ्याची खरी किंमत आहे. मोठं वादळ, पूर किंवा भूकंप झाला की मोबाइलचे टॉवर चालू असले तरी गर्दीने कोंडतात, आणि त्यांची वीज किंवा फायबर तुटली तर मुकेच होतात. रिपीटरला मध्ये कोणतंही एक्सचेंज लागत नाही. अँटेना, कॅबिनेट आणि बॅटरी शाबूत असली की परिसरातले सगळे परवानाधारक एकमेकांना ऐकू शकतात, आणि कुठल्या रस्त्यावर पाणी आहे, कुठे रुग्णवाहिका हवी आहे, हे पुढे कळवू शकतात. अग्निशमन दल किंवा पोलिसांच्या यंत्रणेची जागा हा घेऊ शकत नाही. ती यंत्रणा येईपर्यंत आणि तिच्यासोबत जे हात लागतात, त्यांना जोडून ठेवतो. मला हे मनापासून हवं आहे आणि त्यासाठी लागणारा सगळा खर्च, विम्यासह, मी व माझे परवानाधारक सहकारी करत आहोत.

सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये एक स्विच देईन, त्याने रिपीटर कोणत्याही वेळी बंद करता येईल. बंद केल्यावर मला एक फोन करावा, एवढंच. देखभालीसाठी आम्ही तीन महिन्यांतून एकदा, दिवसा, रजिस्टरमध्ये नोंद करून येऊ. गच्चीचं काम निघालं तर समितीने पंधरा दिवस आधी कळवावं, आम्ही खांब उतरवून घेऊ आणि काम झाल्यावर परत चढवू. परवानगी पहिल्यांदा फक्त सहा महिन्यांसाठी द्यावी. त्यानंतर समितीने नको म्हटलं तर सगळं काढून भिंती होत्या तशा करून देईन. रिपीटरसाठी लागणारी शासकीय मंजुरी हातात आल्याशिवाय एकही तार ओढली जाणार नाही.

डुप्लेक्सर आणि कंट्रोलर सध्या माझ्या घरी टेबलावर जोडून ठेवले आहेत, अँटेनाऐवजी डमी लोडवर, म्हणजे बाहेर काही न सोडता. येत्या रविवारी सकाळी १० ते १२ या वेळात समितीच्या सदस्यांनी आणि ज्यांच्या मनात शंका आहेत त्यांनी जरूर येऊन पाहावं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा अर्ज घ्यावा, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, सर्वांत वरचा मजला

सोबत: हौशी रेडिओ परवान्याची प्रत, टाकीमागच्या खोलीचा आराखडा, खांब व क्लॅम्पचं रेखाचित्र