सक्तीच्या कायद्याआधी कोकणाकडे पाहा

देशभर दोन अपत्यांचा कायदा सक्तीने लागू करावा, अशी मागणी करणारा आपल्या अंकातील लेख वाचला; ती मागणी मला मुळीच पटत नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. यात मुंबईकडे जाणाऱ्या चाकरमान्यांचा वाटा मोठा आहेच. पण घरटी एक-दोन मुले ही रीतही येथे कोणाच्या धाकाशिवाय रुजली आहे. आज आमच्या वाडीत गणपती आणि शिमगा सोडला तर निम्म्या घरांना कुलपे असतात, भातलावणीला माणूस मिळत नाही म्हणून खाचरे पडीक राहतात आणि मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला शेजारीही म्हातारेच असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर (एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले) १.७, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली आहे. चीनने १९८० च्या सुमारास एका अपत्याची सक्ती केली, २०१६ पासून दोन आणि २०२१ मध्ये तीन अपत्यांना मुभा दिली. तरीही २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटतेच आहे. सक्ती उठवली म्हणून पाळणे पुन्हा हलू लागत नाहीत. दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्यांना स्थानिक निवडणुकीत अपात्र ठरवणारी तरतूद आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये रद्द केली. आपल्याकडील तशाच तरतुदीचाही राज्य सरकारने आता फेरविचार करावा.

— एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)