शॉकअप बदलण्याआधी लिंक रॉड तपासा

महोदय,

पावसाळा सरला की गॅरेजांत जुन्या गाड्यांची रांग लागते. तक्रार ठरलेली: ‘समोरून खडखड येते, शॉकअप बदला.’ शॉकअप (चाकाचे धक्के जिरवणारे, तेल भरलेले नळी-दांड्याचे भाग) बदलले जातात आणि खडखड तशीच राहते. हळू चालताना लहान खड्ड्यांत होणारी कटकट बहुतेक वेळा लिंक रॉड (गाडीचा कल आवरणाऱ्या आडव्या बारला जोडणारी छोटी दांडी), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) रबरी बुश किंवा बॉल जॉइंट (गोळी-वाटीचा सांधा) यांची असते. हे भाग स्ट्रटपेक्षा (स्प्रिंग बसवलेल्या समोरच्या शॉकअपपेक्षा) बरेच स्वस्त आहेत. आधी त्यांतली ढिलाई पाहावी. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण्ण’ वाजली, तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगच्या (बॉडीला जोडणाऱ्या बैठकीच्या) बेअरिंगवर संशय घ्यावा.

शॉकअप खरोखर गेल्याच्या खुणा वेगळ्या. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी झुलत राहते, ब्रेक मारताच नाक खाली जाते, टायरवर हात फिरवला तर ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागतात. नळीच्या वरच्या टोकाला पुसट ओलावा आणि धूळ असेल तर घाबरू नये. तेल खाली ओघळले असेल तर मात्र सील संपले.

पैसे वाचवण्यासाठी अनेक जण शॉकअप ‘भरून’ घेतात. नळीला भोक पाडायचे, जाड तेल ओतायचे, वेल्डिंग मारायचे. गाडी कडक लागते, म्हणून मालक खूश होतो. पण आतला झिजलेला व्हॉल्व्ह तोच, गेलेला गॅस परत आलेला नाही, आणि दांड्यावरचे गंजाचे खड्डे नवे सीलही कापतात. मागच्या साध्या शॉकअपबाबतही हे वाईटच. समोर तर धोकादायक. समोरचा मॅकफर्सन स्ट्रट नुसते धक्के सोसत नाही, चाकाला उभे धरण्याचे कामही तोच करतो.

नवा घेताना केवळ मॉडेलचे नाव सांगू नये. उत्पादनाचा महिना-वर्ष, पेट्रोल की डिझेल, आणि चॅसिस क्रमांकावरून पार्ट नंबर जुळवावा. डिझेल इंजिन जड, त्यामुळे त्याच गाडीचे समोरचे भाग वेगळे असू शकतात. समोरचा डावा-उजवाही सहसा एकसारखा नसतो. बदलायचे ते जोडीनेच. एक नवा, एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. सोबत माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर दणका झेलणारे रबर) आणि धूळरोधक रबर नवे घ्यावे, कारण ती मजुरी एकदाच पडते.

स्प्रिंगही मोजा. सपाट जागी, टायरमध्ये सारखी हवा ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर घ्या. डाव्या-उजव्यात १०-१५ मिलिमीटरचा फरक दिसला तर स्प्रिंग बसली (दबून आखूड झाली) असण्याची शक्यता मोठी. डिकीत सीएनजी टाकी असलेल्या गाड्या मागून बसतात, तोही स्प्रिंगचा प्रश्न आहे. वजन शॉकअप उचलत नाही. वेटोळ्यांत रबर कोंबून गाडी वर दिसते, पण तेवढी वेटोळी काम करत नाहीत आणि दणके थेट बॉडीला बसतात.

बसवताना होणाऱ्या चुका महाग पडतात. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडणे जिवावर बेतू शकते. दांडा पक्कडीत धरला की ओरखडा उठतो आणि नवा स्ट्रट थोड्याच दिवसांत गळतो. दांडा त्याच्या टोकाला ॲलन की किंवा पाना लावूनच धरावा. बसवण्याआधी स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-सोडावा, म्हणजे आतली हवा निघते. मागच्या शॉकअपचे रबर बुश असलेले बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळावेत. लटकत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेले राहून लवकर फाटते. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणारे बोल्ट सोडले की चाकाचा कोन हलतो, म्हणून त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करावी.

गॅरेजचालकांना विनंती, की बिलावर ‘शॉकअप काम’ एवढेच न लिहिता प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लिहावा आणि काढलेले जुने भाग ग्राहकाला परत दाखवावेत.

— एक वाहनतंत्रज्ञ, नाशिक