पिस्तूल घेण्याआधी: मिलिंदला पत्र

ह्यूस्टन, टेक्सस

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. पहिलं पिस्तूल ग्लॉक कंपनीचं घेऊ की सिगचं, एवढंच तू विचारलं आहेस. एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण ते माझ्या हाताचं उत्तर झालं असतं, तुझ्या नाही. इथे दहा पिस्तूलवाल्यांना विचारलंस तर दहाही जण आपापलंच पिस्तूल सांगतील. जरा खोदून विचारलं की आवडीमागे बहुतेक वेळा तीनच गोष्टी निघतात: मूठ हातात कशी बसते, चाप कसा ओढला जातो आणि स्लाईड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढायला किती जोर लागतो. कंपनीचं नाव त्यानंतर.

आधी कागदपत्रांचं बोलू. तुझं ग्रीन कार्ड आलं आहे, तेव्हा तुला पिस्तूल घेता येतं. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा, ग्रीन कार्ड आणि टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं, मग बॅकग्राउंड चेक होतो. पण ऑफिसातल्या एच-1बी वाल्या मित्रांना हौसेखातर रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, नेऊ नकोस. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात घेणंही त्यात धरलं जाऊ शकतं, आणि मग प्रकरण इमिग्रेशनपर्यंत जातं. आपल्या मंडळींत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तसंच, एखाद्याने पैसे पुढे करून "तुझ्या नावावर मला एक घेऊन दे" म्हटलं तर सरळ नाही म्हण. तो गुन्हा आहे.

आता हात. दुकानात पिस्तूल दिलं की आधी मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) काढ, मग स्लाईड मागे ओढून अडकव, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, डोळ्यांनी बघ आणि करंगळी घालून चाचपूनही बघ. हा क्रम उलटा झाला की घात होतो: मॅगझिन आत असताना स्लाईड मागेपुढे केली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, पण दुसरं लगेच त्याची जागा घेतं. मग तू मॅगझिन काढतोस आणि पिस्तूल रिकामं समजतोस.

पिस्तूल रिकामं आहे याची खात्री झाली की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर बसव. नळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या सरळ रेषेत आली पाहिजे. हात तसाच ठेवून तर्जनी चापावर आण. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर बसला तर मूठ तुझ्या मापाची. नुसतं टोक पोचत असेल तर चाप ओढताना पिस्तूल बाजूला ढकललं जातं, आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे पडू लागतात. मग लोक माशी (नेम धरायचा पुढचा खुंट) सरकवत बसतात. दोष माशीचा नसतो.

ग्लॉक 19 ची शिफारस तुला सगळ्यात जास्त ऐकू येईल, आणि ती उगाच नाही. 15 गोळ्यांचं मॅगझिन, 102 मि.मी. नळी, रिकाम्या पिस्तुलाचं वजन सुमारे 600 ग्रॅम. घरात ठेवायला पुरेसं मोठं, कमरेला लावायला पुरेसं लहान. होल्स्टर (कमरेला लावायचं म्यान), मॅगझिन आणि सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात. चाप पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत एकसारखा, ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागणारा. नावडणाऱ्यांची कारणंही खरी आहेत. मुठीचा कोन जास्त तिरका असल्यामुळे 1911 या जुन्या पिस्तुलाची सवय असलेल्याची नळी आपोआप वर बघते. मूळच्या माशी-खाचा प्लास्टिकच्या असतात. त्या बदलायचा खर्च धरूनच चाल. आणि हे नीट लक्षात ठेव: साफ करायला ग्लॉक उघडताना चाप ओढावा लागतो. चेंबर न बघता तो ओढल्यामुळे घरात गोळ्या सुटल्या आहेत.

स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी 2.0 कॉम्पॅक्टही साधारण त्याच मापाचं आणि 15 गोळ्यांचंच. त्याच्यासोबत मुठीचे चार पाठभाग येतात, त्यामुळे लहान हातालाही ते बसतं. स्लाईड मागे अडकवून आतली छोटी पट्टी खाली दाबली की चाप न ओढता उघडता येतं. मुठीचा पृष्ठभाग मात्र खरखरीत आहे; घामेजल्या हातातून सुटत नाही, पण शर्टाच्या आत लावलंस तर कातडी सोलवटते. तुझ्या मध्यम आकाराच्या हाताला ग्लॉक नीट बसलं नाही तर पहिली भिस्त मी यावर ठेवीन. हेकलर अँड कॉखचं व्हीपी9 याच वाटेने पुढे गेलेलं आहे. मुठीचे मागचे आणि बाजूचे तुकडे बदलून 27 प्रकारे जुळवता येतं, चापही छान आहे. पैसे जास्त पडतात, इतकंच.

सिगचं पी320 अमेरिकी लष्कराने 2017 साली एम17 या नावाने निवडलं. त्याची कल्पना मला मनापासून आवडते: पिस्तुलाचा अनुक्रमांक मुठीवर नसून आतल्या पोलादी सांगाड्यावर असतो, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो सांगाडा म्हणजेच पिस्तूल. मूठ वेगळ्या मापाची हवी तर नुसती मूठ विकत घ्यायची. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ठरावीक कोनात पडलं तर गोळी सुटू शकते असं दिसल्यावर कंपनीने चाप आणि आतले भाग मोफत बदलून द्यायची योजना काढली. त्यानंतरही चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी आणि खटले झाले. कंपनी दोष नाकारते. सेकंडहँड घ्यायचं ठरवलंस तर क्रमांकावरून त्याचे ते भाग बदलले आहेत की नाही हे आधी विचार. नवशिक्याला घरासाठी हेच घे असं मी म्हणणार नाही.

घोड्याच्या, म्हणजे मागे आघात करणारा हातोडा बाहेर दिसणाऱ्या, पिस्तुलांचे चाहते वेगळे, आणि त्यांचं प्रेमही जास्त चिवट. सीझेड 75 हातात घेतलंस की कारण कळेल. पोलादी, सुमारे एक किलो वजन, मूठ हाताच्या आकारात वळलेली. स्लाईड चौकटीच्या (मूठ असलेल्या खालच्या सांगाड्याच्या) बाहेरून न सरकता आतून सरकते, त्यामुळे पिस्तूल हातात खोल बसतं आणि धक्का सरळ मागे येतो. हीच रचना स्लाईड ओढताना आड येते. बोटांना धरायला पोलाद फारच थोडं उरतं. पहिली गोळी जड चापाची, साधारण पाच किलोची, पुढच्या सगळ्या हलक्या, दोनेक किलोच्या. सराव नसेल तर पहिली एकीकडे आणि दुसरी भलतीकडे जाते. आणखी एक: 75 बी या प्रकारात सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, आहे, पण घोडा सुरक्षित खाली उतरवणारा खटका नाही. भरलेल्या चेंबरवर घोडा अंगठ्याने उतरवणं नवशिक्याने करू नये. तो उतरवणारा खटका 75 बीडी आणि पी-01 या प्रकारांत असतो. सीझेड आवडलंच तर यांपैकी एक घे.

बेरेट्टा 92 हे 1985 साली एम9 म्हणून अमेरिकी लष्करात आलं आणि तीन दशकांहून जास्त टिकलं. स्लाईड वरून उघडी असल्यामुळे रिकामी पुंगळी (काडतुसाचं उरलेलं कवच) अडकायला जागाच कमी. मूठ मात्र जाड, चाप लांब. सेफ्टी स्लाईडवर असल्यामुळे वरून स्लाईड ओढताना ती नकळत खाली दाबली जाते आणि पिस्तूल ऐन वेळी मुकं राहतं. 92जी मध्ये तो खटका फक्त घोडा उतरवतो आणि परत वर येतो, म्हणून जाणकार तेच घेतात.

1911 बद्दल थोडक्यात. चाप सरळ मागे सरकतो आणि इतका स्वच्छ सुटतो की नेमबाजाला त्यापुढे दुसरं काही रुचत नाही. पण .45 मापाच्या सात-आठ गोळ्या, 1100 ग्रॅम वजन, घोडा चढवून सेफ्टी लावून बाळगायची पद्धत आणि वेळच्या वेळी बदलायच्या स्प्रिंगा, हे सगळं पहिल्या पिस्तुलात नको. ब्राउनिंग हाय-पॉवरही तुला दिसेल, आपल्या सैन्याचं इशापूरचं 9 मि.मी. 1ए त्याच घराण्यातलं. 1935 च्या रचनेत 13 गोळ्या, मूठ अप्रतिम, पण जुन्यांचा घोडा बेचकीला चावतो.

सिग पी365, हेलकॅट असली छोटी पिस्तुलं दुकानदार आधी पुढे करेल. एवढ्याशा अंगात 10-11 गोळ्या बसवणं ही खरोखर कमाल आहे. पण काडतूस तेच 9 मि.मी. आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे सगळा धक्का हातात येतो. त्याच्यावर शिकणारा माणूस दचकायला शिकतो, आणि ते दचकणं घालवायला फार दिवस लागतात. ते नंतरचं पिस्तूल.

वहिनींना स्लाईड ओढवत नाही असं लिहिलं आहेस. आधी पद्धत बदलून बघ. पिस्तूल छातीजवळ, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. डाव्या हाताने स्लाईड वरून पूर्ण पंजात धरायची आणि ती तशीच घट्ट ठेवून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. चिमटीत धरून ओढण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. तरी जमलं नाही तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड दाखव. आतल्या घोड्यामुळे त्याची स्प्रिंग हलकी ठेवता आली आहे, आणि गोळ्या आठ. .380 आणि 9 मि.मी. दोन्हीत मिळतं. मुठीच्या मागे दाबाची सेफ्टी आहे. पकड ढिली झाली तर चाप चालत नाही, तेवढं त्यांना आधी सांग.

पिस्तूल अडकलं की नवीन माणूस पिस्तुलाला दोष देतो. आधी मनगट तपास. मनगट ढिलं असेल तर चौकटच स्लाईडबरोबर मागे जाते, स्लाईडचा प्रवास अर्धवट राहतो आणि रिकामी पुंगळी स्लाईडच्या खिडकीत उभी अडकते. अशा वेळी मॅगझिनचं बूड तळहाताने ठोकायचं, स्लाईड जोरात मागे ओढून सोडायची. त्यानेही सुटलं नाही तर बहुधा दोन काडतुसं एकमेकांत घुसलेली असतात: स्लाईड मागे अडकव, मॅगझिन उपटून काढ, स्लाईड दोन-तीनदा मागेपुढे कर, मग दुसरं मॅगझिन. नेहमी एकाच मॅगझिनने अडकत असेल तर दोष त्याच्या काडतूस धरणाऱ्या वरच्या ओठांत (काठांत) किंवा स्प्रिंगमध्ये असतो. त्यावर खूण करून ते बाजूला ठेव. सरावाला 115 ग्रेन वजनाच्या गोळीची साधी काडतुसं घे. घरासाठीची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली, वेगळी, आणि त्यांतली निदान पन्नास त्याच पिस्तुलातून न अडकता गेल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नकोस. काही पिस्तुलांना काही गोळ्यांचं तोंड मानवत नाही.

तेल जपून. दोन्ही बाजूंच्या रुळांवर एकेक थेंब, नळी जिथे स्लाईडला घासून चकाकते तिथे एक. जास्त घातलंस की काजळी धरून लापशी होते.

मुलं घरात आहेत, तेव्हा पिस्तुलाबरोबर त्याच दिवशी कुलपाची पेटी आण. 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी पेटी लागलीच असती. रेंजसाठी वेगळी पिशवी ठेव, ती प्रवासाला कधीही वापरू नकोस. तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर आर्म्स ॲक्टखाली प्रकरण होतं, आणि 9 मि.मी. तिथे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे.

खरेदीआधी भाड्याची पिस्तुलं मिळतात अशा रेंजवर दोघंही जा. आधी एम अँड पी, मग ग्लॉक 19, शेवटी सीझेड पी-01. प्रत्येकी काडतुसांचा एक खोका, सात यार्डांवर, सावकाश पाच-पाच गोळ्या. प्रत्येकासाठी वेगळा कागद लाव आणि त्यावर नाव लिही. ज्या कागदावरची भोकं सगळ्यात जवळजवळ पडली असतील ते पिस्तूल घे, मग ते माझ्या आवडीचं नसलं तरी. कागदांचे फोटो आणि वहिनींचं मत मला पाठव. होल्स्टर कोणतं घ्यायचं ते त्यावरून सांगतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास