केस पेपरवर डाळ लिहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आरोग्य सेविका. पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या उपकेंद्रांवर माझी नोकरी गेली. लसीकरण, बाळंतपणं, तापाच्या पेशंटचे रक्तनमुने आणि टीबीच्या गोळ्या, सगळंच केलं. त्यातल्या टीबीच्या गोळ्यांबद्दल लिहितेय. खरं तर गोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या ज्या पोटात जातात, त्या पोटाबद्दल आहे.

टीबीच्या गोळ्या वजनावर देतात हे आपल्याला ठाऊक असेलच. मोठ्या माणसाचं वजन 25 ते 34 किलो असेल तर रोज 2 गोळ्या, 35 ते 49 असेल तर 3, 50 ते 64 असेल तर 4. पेशंटला पहिल्या दिवशी काट्यावर उभं करतात ते यासाठी. तक्त्यातली ती 25 किलोपासूनची पहिली ओळ शोभेची नाही. मी ती वापरली आहे.

एक बाई होती. तीन लेकरांची आई. उंची 146 सेंटिमीटर, वजन 31 किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साडेचौदा. 18.5 च्या खाली माणूस कमी वजनाचा धरतात आणि 16 च्या खाली गेला तर तीव्र कुपोषित, त्यावरून तिची अवस्था समजून घ्या. तिला 2 गोळ्या सुरू झाल्या. दंडाला धरून बाकावर बसवताना माझ्या चिमटीत फक्त कातडी आली होती, ते अजून आठवतं. मी तिला तेच सांगितलं जे वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते : अंडी खा, दूध घे, डाळ घट्ट कर. तिने मान हलवली. पुढच्या खेपेला आशाताई आणि मी मिळून तिला आमच्या पैशाने दोन किलो तूरडाळ, शेंगदाणे आणि डझनभर अंडी दिली. महिन्याने वजन 31 किलो 200 ग्रॅम. मी चिडलेच. म्हटलं, अगं दिलेलं खाल्लंस की नाही? ती म्हणाली, "पोरं तोंडाकडे बघत बसतात सिस्टर. मी एकटी कशी खाऊ?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण आपल्या खात्याकडे ते असू शकतं, म्हणून हा खटाटोप.

गोळ्या उपाशीपोटी "गरम पडतात" असं आमच्याकडचे पेशंट म्हणतात. मळमळतं, पोटात आग पडते, चक्कर येते. दुसरा प्रकार त्याहून विचित्र. दोन-तीन आठवड्यांत औषध लागू पडतं, ताप उतरतो आणि मेलेली भूक खवळून उठते. डॉक्टरांच्या दृष्टीने हे शुभचिन्ह. घरातला डबा रिकामा असेल तर मात्र ती शिक्षा. एका म्हाताऱ्या बाबांनी गोळ्या बंद केल्या होत्या, कारण विचारलं तर म्हणाले, गोळी घेतली की भूक लागते, आणि भूक लागली की सुनेकडे मागावं लागतं. आमच्या रजिस्टरमध्ये त्यांची नोंद "उपचार सोडला" अशी झाली. कुणी कुणाला सोडलं, हे लिहायला रकाना नव्हता.

आता आपले अधिकारी आपल्याला सांगतील की टीबी गोळ्यांनी बरा होतो, खाण्याने नाही. खोटं नाही ते. 1950 च्या दशकात मद्रासला याचा नीट प्रयोग झाला. काही पेशंट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, चांगल्या आहारावर आणि विश्रांतीवर. काही घरीच, दाटीवाटीत आणि अर्धपोटी. गोळ्या दोघांना सारख्या. 1959 साली निष्कर्ष छापून आला : घरचेही तितकेच बरे झाले. त्या एका निष्कर्षाने गरीब देशांचं भलंच झालं. सॅनेटोरियमची खाट मिळेपर्यंत वाट बघायची गरज उरली नाही, औषध खेड्यापाड्यात पोचलं. पण त्याच वेळी आहार उपचारातून बाहेर पडला तो पडलाच. राहिला फक्त आमच्या तोंडी, उपदेश म्हणून.

जंतू मारायचं काम गोळ्या करतात, यात वाद नाही. प्रश्न असा आहे की 31 किलोची बाई जंतू मरेपर्यंत टिकते का, आणि तिच्या घरातल्या बाकीच्यांचं काय होतं. याचं उत्तरही आता आपल्याच देशातून आलंय. 2019 ते 2022 या काळात झारखंडच्या 4 जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने "राशन्स" नावाचा अभ्यास केला. 2023 मध्ये तो "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आला. 2,800 पेशंट आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं. पेशंटला महिन्याला 10 किलोचा शिधा : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. परदेशी पुडी नाही, महागडा डबा नाही. निम्म्या भागात घरातल्या प्रत्येक माणसालाही तांदूळ आणि डाळ दिली, उरलेल्या भागात फक्त पेशंटला.

जिथे घरच्यांनाही शिधा मिळाला, तिथे घरातल्या नव्या टीबीचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे पुढे पसरणारा टीबी तर 48 टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळीने! इतकं काम करणारी लस निघाली असती तर आपण तिच्या उद्घाटनाला गेला असतात, आणि जायलाच हवं होतं.

पेशंटबद्दलचा आकडा मला जास्त लागला. सुरुवातीला त्यांच्यातले 3 टक्केच कामावर जाण्याच्या अवस्थेत होते, उपचार संपताना 75 टक्के. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. आता कुणी म्हणेल, वाचणारे होते म्हणूनच वजन धरलं असेल. शंका रास्त आहे. पण घरच्यांच्या बाबतीत गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले होते, तिथे ही पळवाट नाही. 31 किलोचे 5 टक्के म्हणजे दीड किलो. दोन महिन्यांत दीड किलो. माझ्या बाईला ते जमलं नाही, आणि मी तिच्यावर चिडले होते.

पैसे देतोच की, असं आपलं खातं म्हणेल. देतं. निक्षय पोषण योजना एप्रिल 2018 पासून आहे. आधी महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले, तेही 3,000 च्या दोन हप्त्यांत. वाढवले ते चांगलंच केलं, आणि शिधा द्यायचा म्हणून ते बंद करू नका. पण हजार रुपये म्हणजे दिवसाला 33. शिवाय पैसा घरात आला की तो घराचा होतो, पेशंटचा राहत नाही. तपासणीच्या फेऱ्यांना लागलेलं जीपभाडं, वाण्याची उधारी, पोराची वही. त्यात गैर काहीच नाही, मीही हेच केलं असतं. बँकेत खातं नाही, आधार जोडलेलं नाही, नावात एका अक्षराचा फरक आहे, म्हणून हप्ता उपचार संपल्यावर आलेलाही मी पाहिला आहे. बऱ्या झालेल्या माणसाला टीबीच्या खुराकाचे पैसे!

मग निक्षय मित्र. सप्टेंबर 2022 पासून दानशूर लोक, संस्था, कंपन्या पेशंट दत्तक घेतात आणि धान्याच्या पिशव्या देतात. घेणाऱ्यांचे आशीर्वाद त्यांना मिळोत, मनापासून म्हणते. पण उपचार दानावर चालवायचा नसतो. दात्याचा उत्साह तीन महिन्यांत ओसरतो आणि उपचार तर सहा महिन्यांचा असतो. पिशवीबरोबर फोटो असतोच. लग्नाच्या वयाची एक मुलगी पिशवी न घेता पाठीमागच्या दाराने निघून गेली होती, कारण फोटो व्हॉट्सॲपवर जाणार हे तिला माहीत होतं. रिफाम्पिसिनची, म्हणजे टीबीची, गोळी देताना आपण कुणाचा फोटो काढत नाही.

म्हणून मागणी एकच आहे. शिधा केस पेपरवर लिहिला जावा. डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली लिहावं : तूरडाळ इतकी, तेल इतकं, दूध पावडर इतकी, घरात माणसं इतकी. आणि गोळ्या जशा हक्काने मिळतात तसा तो मिळावा. गोळ्यांचा साठा संपला की वरपर्यंत फोन जातात, पेपरात बातमी येते, कुणाला तरी नोटीस निघते. डाळीचा साठा संपला तरी तेच व्हावं. आज डाळ कुणाच्याच साठा रजिस्टरमध्ये नाही, म्हणून ती कधी संपतही नाही.

पोचवायचं कसं, हा प्रश्न आपल्या सरकारने आधीच सोडवला आहे. 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत आनंदाचा शिधा वाटला : रवा, चणाडाळ, साखर आणि तेल. डाळ आणि तेल रेशन दुकानातून गावोगाव जाऊ शकतं हे तेव्हा सिद्ध झालं. सणासाठी जमलं ते आजारासाठी जमू नये? धान्याचा पायाही तयार आहे. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्य मिळतंच. कमी आहे ती डाळ, तेल, दूध. टीबीच्या घराला सहा महिने तेवढं जोडून द्यायचं आहे, आणि पूर्ण घराला द्यायचं आहे, कारण आई पोरांच्या देखत एकटी जेवत नाही. खात्याचे हिशेबनीस नेमका इथेच कात्री लावतील, म्हणतील आजारी एक आणि शिधा पाच जणांचा कशाला. त्यांना झारखंडचे आकडे दाखवा. पाच जणांना द्याल तरच एकाच्या पोटात जाईल, आणि उरलेले चार पुढचे पेशंट होणार नाहीत.

आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, आषाढाच्या तोंडाला परततात. शिधा गावातल्या एकाच दुकानाला बांधलात तर तो नेमका गरजेच्या महिन्यांत चुकेल. रेशनकार्ड आता कुठेही चालतं; शिधाही चालावा.

सगळ्यांना पिशवी देऊन भागणार नाही, हेही सांगते. फारच खंगलेल्या माणसाला एकदम भरपेट घातलं तर जिवावर बेतू शकतं; त्याला भरती करून, मोजून मापून अन्न द्यावं लागतं. तमिळनाडूने एप्रिल 2022 पासून हे सुरू केलं. निदान होताच पाच गोष्टी बघायच्या : बीएमआय, पायाची सूज, श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का. नापास झाला की सरळ दवाखान्यात भरती. याला मोठं यंत्र लागत नाही, पाच मिनिटं लागतात. कुपोषित बालकांसाठी आपल्याकडे पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. तीस वर्षांच्या कुपोषित बाईला कुठे पाठवायचं, हे मला नोकरीभर कुणी सांगितलं नाही.

टीबीचं लिहिलं कारण माझे हात त्यात होते. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालेल्याचंही हेच होतं : भरती आहे तोवर जेवण, सुट्टी मिळाली की "प्रोटीन वाढवा" असं लिहिलेला कागद. पण सगळं एकदम मागितलं की काहीच मिळत नाही, इतकं सरकारी नोकरीत शिकले आहे. टीबीपासून सुरू करा. पालघर, नंदुरबार, गडचिरोली, अमरावतीचं मेळघाट, एवढ्यापासून केलंत तरी चालेल.

एक कबुली द्यायची राहिली. उपचार कार्डावर दर महिन्याला वजन लिहायचं असतं. आमच्या उपकेंद्राचा काटा बराच काळ नादुरुस्त होता. मोकळा असतानाही दोन किलो दाखवायचा. मी रेशनच्या तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून तो तपासायचे आणि मनातल्या मनात दोन वजा करायचे. कामाच्या गर्दीत कित्येकदा तेही केलं नाही, मागच्या महिन्याचंच वजन पुढे उतरवलं. विचारणारं कुणी नव्हतं. वजन वाढलं काय, घटलं काय, त्यावर देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, मग मोजण्यात हशील काय? त्या बाईच्या कार्डावर शेवटचे दोन आकडे सारखे आहेत, 31.2 आणि 31.2. पहिला मोजलेला आहे. दुसरा मी उतरवलेला आहे, तिला न पाहता. तिसरा रकाना रिकामा आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका

ता. क. शिध्याचा निर्णय व्हायला वेळ लागेल, मंत्रिमंडळ, वित्त विभाग, सगळं मला कळतं. तोवर प्रत्येक उपकेंद्राला एक चालू वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी एवढं तरी पाठवा. त्याला मंत्रिमंडळ लागत नाही.