व्हायरसचा टोमॅटो आणि बीटीचं भांडण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जीएम (बाहेरचा जीन घातलेल्या) बियाण्यावर वाद निघाला की गाडी लगेच बीटी कापसावर जाते. गुलाबी बोंडअळी परत आली हे खरंच आहे, कोण नाही म्हणतंय, पण बीटी होतं अळीसाठी. आमच्या दिंडोरी-निफाडकडच्या टोमॅटोवाल्याचं दुखणं व्हायरसचं आहे आणि ते भांडण वेगळं आहे राव.

व्हायरसवर औषधच नाही. कृषी सेवा केंद्रवाला देतो ते पांढऱ्या माशीचं, माव्याचं, फुलकिड्याचं, म्हणजे व्हायरस आणणाऱ्याचं. माव्याला तर रस शोषायला काही सेकंद मिळाले तरी तो झाडाला रोग देऊन मोकळा, मग तुम्ही मारत बसा फवारे. शेंडा आकसतो, पानं वर वळून बारीक राहतात, तोवर मल्चिंग, बांबू, तार, सुतळी सगळा खर्च होऊन बसलेला असतो. टोमॅटोवरचा २०२० चा 'तिरंगा' रोग आठवत असेल, एकाच फळावर हिरवा पिवळा लाल, व्यापारी क्रेटकडे बघून पुढे जायचा. बंगळुरूच्या आयआयएचआर या फळं-भाजीपाला संशोधन संस्थेने तपासलं तर त्यात कुकुंबर मोझॅक व्हायरस निघाला.

आता अमेरिकेतल्या हवाई बेटांचं बघा. तिथल्या पुना भागात १९९२ ला पपईवर रिंगस्पॉट व्हायरस आला (आपल्याकडच्या पपईलाही हाच छळतो) आणि बागाच्या बागा बसल्या. डेनिस गोन्साल्विस हे तिथलेच शास्त्रज्ञ, त्यांच्या टीमने त्याच व्हायरसच्या वरच्या आवरणाचा जीन पपईत घातला, त्यामुळे झाड तो व्हायरस ओळखून त्याची वाढच होऊ देत नाही. १९९८ ला बियाणं शेतकऱ्यांना सुरुवातीला फुकट वाटलं आणि पपई परत उभी राहिली. व्हायरसचा जीन पोटात जाईल म्हणून घाबरणाऱ्यांना एवढंच सांगतो, बाजारातली गोल डागवाली पपई खाताना आपण अख्खा व्हायरसच खातो.

पण हे काही अमृत नाही. ती पपई हवाईतल्या स्ट्रेनसाठी (व्हायरसच्या तिथल्या उपप्रकारासाठी) बनवलेली, दुसरीकडच्या स्ट्रेनपुढे कमी पडू शकते, आणि टोमॅटोवर तर एक व्हायरस गेला की दुसरा हजर. वर मार्केटचा प्रश्न, जपानने ही पपई घ्यायला २०११ उजाडलं. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात द्राक्षाचे कंटेनर अडकले ते नाशिकने भोगलंय, त्यामुळे एक्स्पोर्टवाल्यांची भीती मला खोटी वाटत नाही. टोमॅटोचा बराच माल मात्र पिंपळगावहून देशातच जातो.

माझं म्हणणं एवढंच की हे काम कंपन्यांवर सोडू नका. राहुरी कृषी विद्यापीठाने आपल्या भागातले व्हायरस धरून टोमॅटो आणि पपईवर काम करावं, चाचणीला राज्याची एनओसी लागते ती अडवून ठेवू नये, आणि प्लॉट नाशिक जिल्ह्यात घेऊन शिवारफेरीला आम्हाला बोलवावं, फेल गेलेला प्लॉटसुद्धा दाखवावा. बियाणं आलंच तर सरळ वाणाचं (ज्याचं बी घरी धरता येतं) द्यावं, हायब्रीडसारखं दरवर्षी पाकीट घ्यायला लावू नये. मे २०२५ मध्ये सरकारने जीनोम एडिटिंगचे (पिकाच्या स्वतःच्याच जीनमध्ये बदल केलेले) भाताचे दोन वाण जाहीर केलेच ना, मग भाजीपाल्याचा नंबर कधी लागणार हे कृषी खात्याने सांगावं.

आपला,
एक टोमॅटो उत्पादक
ता. दिंडोरी, जि. नाशिक